सरळ पोटाची
माघातल्या उन्हात वाळत घातलेली तुरीची शेंग तडकन फुटावी, तसा माझ्या आईचा आवाज होता. कोरडा, अवचित, आणि ऐकणाऱ्याला जागच्या जागी दचकवणारा. भोकरदनच्या आमच्या गल्लीत तिला तोंडाळ म्हणत. त्या शब्दाची धास्ती तिला नव्हती, मला होती. शेजारणी दुरावल्या, मावशीचं येणं थांबलं, आणि उंबऱ्याबाहेर पडणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडे, हा पुन्हा येईल ना, या शंकेनं पाहत माझं लहानपण आकसून गेलं.

म्हणून हाँगकाँगला नोकरी करणारा माझा भाऊ बायकोला पहिल्यांदा घरी घेऊन आला, तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वहिनी तिकडचीच. तिची कँटोनीज भाषा कुणी अनवाणी पावलांनी जिना चढावा-उतरावा तशी. आईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अंगणात आम्ही तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. वहिनीच्या नखांखाली दाणे चिरडत होते.

"सोलून राह्यली का ठेचून राह्यली गं?" आई कडाडली.

वहिनीचे हात थांबले. थोड्या वेळानं ती फोनवर स्वतःच्या आईशी बोलू लागली. बोलता बोलता तिनं आमच्या आईकडे पाहिलं आणि आपल्या पोटावरून बोट सरळ खाली ओढलं.

"माझंच चाल्लंय न्हाई का? काय म्हणली, बराबर सांग," आईनं भावाला विचारलं.

भाऊ चाचरला. मला ऊनसुद्धा गार लागलं.

"म्हणती, तुझं आतडं सरळ, पोटबी सरळ. त्यांच्यात तसं म्हणतेत. आत वळणं न्हाईत, म्हणून मनातलं तसंच भाईर येतं."

आईनं हातातली शेंग खाली ठेवली. "मंग हे चांगलं का वाईट? इचार तिला."

भावानं विचारलं. वहिनी मोडक्या मराठीत स्वतःच म्हणाली, "दोन्ही."

आई हसली, डोळे ओले होईतो. मग शेंगांची पाटी बाजूला सारून तिनं वहिनीचं लाल झालेलं बोट हातात घेतलं आणि त्यावर फुंकर घातली. तिनं कुणाची माफी मागितलेली मी पाहिली ती तेवढीच.

आई जाऊन आता तिसरा हिवाळा. तिचे शब्द मला पाठ आहेत, पण परवा त्यांचा सूर काही केल्या आठवेना, आणि मी घाबरून भावाला फोन लावला. त्यालाही तो आठवेना. ज्या आवाजानं माणसं दुरावतील म्हणून मी जन्मभर भ्याले, तोच आता दिवसेंदिवस माझ्यापासून दुरावतो आहे. काळ चेहरे मागे ठेवून जातो, आवाज मात्र सोबत नेतो, आणि आपण त्या शांततेत कान देऊन बसून राहतो.