लॉर्नाचा प्रश्न

रसेल किवेला आमच्याच गावचा, सुपीरियर सरोवराकाठचा. नाव झालं ते न्यूयॉर्कला गेल्यावर. त्याच्या कादंबऱ्यांत भुतं असत, खून असत, तरी बडे समीक्षक त्यांना साहित्य म्हणत. गावात मात्र कुरकुर होती. खून झाला तर शेवटी खुनी सापडायला नको का, असं इथला न्हावी दर वेळी पुस्तक परत करताना मला ऐकवायचा.

मी गावच्या ग्रंथालयात काम करते. फेब्रुवारीत रसेलनं इथे वाचन करायचं कबूल केलं. नेमकं त्या दुपारी असं हिमवादळ सुटलं की समोरचा रस्ता दिसेना. आली ती एकटी लॉर्ना ट्रूडो. रसेलच्या थोरल्या भावाशी, डेलशी, तिचं लग्न ठरलं होतं. त्याआधीच डेल गोठलेल्या सरोवरावर मासे धरायला गेला, बर्फ फुटला, आणि तो सापडलाच नाही. लॉर्नानं पुढे लग्न केलं नाही.

मी म्हटलं, रद्द करू या. रसेल म्हणाला, एवढ्या वादळात ती आलीय, तर वाचतोच. नुकत्याच आलेल्या कादंबरीतला भाग होता. बुडालेला भाऊ घरी येतो, ओले बूट काढतो आणि स्वयंपाकघरात धाकट्याशी बोलत बसतो. लॉर्ना हातमोजे मुठीत घट्ट धरून ऐकत होती.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "रसेल, खरं सांग. तो येतो तुझ्याकडे?"

रसेलनं पुस्तक मिटलं. "नाही."

"एकदाही नाही?"

"आई होती तोवर दर हिवाळ्यात त्या स्वयंपाकघरात वाट बघत बसायचो. कोणी आलं नाही. मग लिहायला घेतलं."

"मला वाटलं, तुला भेटतो आणि मला टाळतो. पुस्तक आल्यापासून रागावले होते त्याच्यावर."

रसेल तिच्या शेजारी जाऊन बसला. डेल गेला तेव्हा तो अगदी लहान होता, भावाचा आवाजही त्याला धड आठवत नव्हता. डेल काय बोलायचा, असं त्यानं विचारलं. बोटीच्या इंजिनाबद्दल, ती म्हणाली, कंटाळा आणायचा अगदी. दोघं थोडं हसले.

बर्फ काढणारी गाडी येऊन गेली तशी लॉर्ना उठली. रसेलनं घरापर्यंत सोबत येऊ का, म्हणून विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तू थेट त्याच्यासारखा चालतोस."

ती गेल्यावर तो बराच वेळ दारात उभा होता. किवेलांचं घर कधीच विकलं गेलं होतं. मी त्याला मोटेलवर सोडलं.