पाटोदा-बीड गाडीचा रोजचा प्रवासी

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. चार कप्प्यांचा, वर घट्ट झाकणाचा. माझी कडी जराशी वाकलेली आहे आणि खालच्या कप्प्याला पोचा आलेला आहे, पण तेवढ्यावरून मला म्हाताऱ्यात काढू नका. बीड शहरात मी जेवढं खाल्लंय तेवढं तिथे जन्मलेल्या माणसांनीही खाल्लं नसेल. खोटं वाटतंय ना? मग बसा, सगळं सांगतो.

मी आधी एक गुळगुळीत पत्रा होतो. एका कारखान्यात धाडकन दाब बसला आणि माझे चार कप्पे झाले. मग मला कडी लागली, चकाकी चढली, आणि मी पाटोद्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात येऊन लटकलो. सत्यभामा नावाच्या मुलीच्या लग्नात तिच्या मामाने मला आंदण दिलं. दुकानदाराने टकटक करत माझ्या झाकणावर तिचं नाव कोरलं. मला गुदगुल्या झाल्या, पण मी जरासुद्धा हललो नाही, म्हणून अक्षरं सरळ आली आहेत.

सत्यभामा लग्न होऊन डोंगरातल्या वस्तीवर आली. तिचा नवरा नाथा शेळ्या-मेंढ्या वळतो आणि चार पट्ट्या कोरडवाहू शेती करतो. शेळ्यांना तिकडे शेरडं म्हणतात. मला फार काम नव्हतं. नाथा भाकरी फडक्यात बांधून रानात जायचा, आणि मी फळीवर बसून धुरात काळा पडायचो. वर्षानुवर्षं मला दिवाळीलाच आंघोळ मिळाली. खरं सांगतो, मला फार वाईट वाटायचं.

आणि मग एके दिवशी माझं नशीब उघडलं! त्यांची लेक सुकन्या बारावी पास झाली आणि बीडच्या कॉलेजात गेली. आमच्या भागात लेकरू शिकायला शहरात गेलं, की त्याच्यामागे आईचा डबा रोज एसटीने जातो. सकाळी वस्तीच्या फाट्यावर गाडी थांबते, आया-बाया डबे देतात, आणि ड्रायव्हरशेजारी पिशव्यांची रांग लागते. आमच्या गाडीचे कंडक्टर मोहनराव. त्यांना कुठला डबा कुणाचा ते न बघता कळायचं. बीडच्या स्टँडवर लेकरं उभी असतात. डबा घ्यायचा, आणि संध्याकाळच्या गाडीला रिकामा परत द्यायचा, एवढंच काम.

पण रिकामा देतो कोण? सत्यभामेने लेकीला लहानपणापासून शिकवलेलं होतं, की दुसऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. सुकन्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मला घेऊन स्टँडवर उभी राहिली, आणि तिच्याजवळ घालायला काहीच नव्हतं. वरच्या कप्प्यात सकाळचा हिरव्या मिरचीचा ठेचा तेवढा उरला होता. शेजारी भत्तेवाल्याची, म्हणजे चुरमुऱ्यांची भेळ विकणाऱ्याची, गाडी होती. त्याने वाकून वास घेतला आणि म्हणाला, "पोरी, एवढा ठेचा मला दे. चाखून बघतो." त्याने तो आपल्या चुरमुऱ्यांवर कालवला, एक घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तरी दुसरा खाल्ला. मग माझा तळचा कप्पा त्याने भत्त्याने काठोकाठ भरून दिला. पैसे घ्यायला तो तयारच होईना.

त्या दिवसापासून आमचा धंदाच सुरू झाला म्हणा ना! सकाळी मी घरचं घेऊन जायचो. सुकन्या त्यातलं थोडं राखून ठेवायची, शहरातल्या एकेका गाडीवर नेऊन द्यायची, आणि त्यांचं घेऊन संध्याकाळी मी डोंगरात यायचो. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीवर आतल्या गल्लीतल्या मारवाडी काकांनी आम्हाला कचोरी दिली. ती एवढी खुसखुशीत होती, की घाटातल्या प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वर-खाली व्हायचा. दोशाच्या गाडीवर एक अण्णा होता. घर त्याचं पार दक्षिणेत, पण मराठी अशी बोलायचा, की बीडकरांनी ऐकत राहावं. "काय बे, आज डबा उशिरा आला?" असं तो थेट मलाच विचारायचा. रमजानच्या महिन्यात मशिदीमागच्या गल्लीत गेलो, तर काय सांगू! तव्यावर कबाब, परातीत भजी, मोठ्या देगचीत बिर्याणी. देगचीवाले चाचा सत्यभामेच्या लसणाच्या चटणीवर इतके खूश झाले, की त्यांनी बिर्याणी माझ्यात दाबून-दाबून भरली आणि झाकण लागेना. नेपाळहून आलेल्या एका मुलाकडचे मोमो नेले, तेव्हा नाथाने ते उलटे-सुलटे करून बघितले आणि विचारलं, "ह्ये मोदक वाफवायचे ऱ्हायलेत का?" सत्यभामा मात्र सावकाश चावत होती. शेवटी म्हणाली, "कोबी हाय, आलं हाय. चटणी आपली बरी."

तिची जीभ म्हणजे जीभच! एक घास तोंडात घातला, की आत काय-काय पडलंय ते ती सांगायची आणि दोन दिवसांत स्वतः करून मला उलट शहरात धाडायची. कचोरीत तिने तुरीच्या डाळीचं सारण भरलं, तर मारवाडी काकांनी दुकानातल्या सगळ्यांना बोलावून एकेक तुकडा दिला. मी मध्ये उघडा पडून त्यांचे चेहरे बघत होतो. इतकं कौतुक मला जन्मात मिळालं नव्हतं.

एकच गोष्ट अडलेली होती. सुकन्याला आई शहरात हवी होती. तिच्या शेजारी बसून गरम-गरम खाणारी. तेवढ्यासाठी ती दर महिन्याला हट्ट धरायची, आणि सत्यभामा दर वेळी म्हणायची, "शेरडं कोण बघंल?" नाथा बघेल म्हटलं, की ती विषय बदलायची. दोन वर्षं झाली. बीडमधल्या एकेका खाणाऱ्या-खिलवणाऱ्याला तिचं नाव माझ्या झाकणावर वाचून पाठ झालं होतं, आणि ती काही येत नव्हती. सुकन्याला ते फार लागायचं.

मग एकदा अण्णा म्हणाला, की सगळं नेलंत, पण जुन्या बाजाराजवळच्या हॉटेलातली पुरी-भाजी नेली नाहीत. सुकन्याने ती माझ्यातून धाडली. संध्याकाळी सत्यभामेने बटाट्याच्या पातळ भाजीत पुरी बुडवली आणि डोळे मिटले. पुन्हा बुडवली. नाथाचा वाटाही तिनेच खाल्ला. "काहीतरी लावलंय ह्याला," ती म्हणाली, "मला घावंना." तिने तीळ लावून बघितले, खोबरं लावून बघितलं, बेसनही लावलं. तीन वेळा भाजी केली, पण ती चव काही आली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला हरवलं होतं, आणि ती खुशीत होती! चौथ्या दिवशी सकाळी फाट्यावर मला देताना तिने मोहनरावांना विचारलं, की ही पुरी-भाजी कुठली.

"जुन्या बाजारापाशी सुंदररावाचं हॉटेल हाय ना," मोहनराव म्हणाले. "दारात लिंबाचं झाड. त्याच्यातली."

सत्यभामेचा हात माझ्या कडीवरच थांबला. गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी मी गाडीत होतो, वेळेवर पोचलो, सुकन्याने मला उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. चारही कप्पे घासून, पुसून, कोरडे. भाकरी नाही, मिठाचा खडा नाही. सुकन्या स्टँडवर मला हातात धरून उभी राहिली. भत्तेवाल्याने हाक मारली, तरी तिने मान वर केली नाही. ज्या घरात भांडं रिकामं द्यायची रीत नाही, तिथून रिकामा डबा आला होता. आई आपल्यावर रागावली आहे, एवढंच तिला समजत होतं, का ते समजत नव्हतं.

तीन दिवस मी होस्टेलच्या खिडकीत पडून राहिलो. माझ्यात कुणीतरी पेन ठेवले. मला ते आवडलं नाही, पण बोलून उपयोग नव्हता. रविवारी सुकन्या मला घेऊन घरी आली, आणि चुलीपुढे बसलेल्या आईसमोर तिने मला ठेवलं.

"आये, रिकामा कावून पाठवलास?"

सत्यभामेने हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग बोलली. "तू पोटात हुतीस. आमी शेरडं घेऊन बीडच्या बाजाराला गेलतो. दिस कलला, पोटात काई न्हाई. त्या हाटेलात शिरलो. आत टेबलं रिकामी हुती. पर मालक म्हणला, घोंगडीचा वास येतोय, भाईर पायरीवर बसा. कागदावर पुऱ्या आणून ठिवल्या. मी तशीच उठले."

"मी खाल्ल्या," नाथा कोपऱ्यातून हळूच म्हणाला. "भूक लई लागलती."

"खाल्ल्या त्याचं काई न्हाई," सत्यभामा म्हणाली. "पर त्याच दारातलं तू मला आणलंस, आन् मला ते लई ग्वाड लागलं. माझाच मला राग आला, बाई. तो तुझ्यावर निघाला."

सुकन्या रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तर मग उद्या चल. तिथंच, आत बसून खाऊ."

"शेरडं..."

"शेरडं मी बघतो," नाथा म्हणाला. "तवा तू उपाशी आलतीस आन् मी खाऊन आलतो. उद्या उलटं हूं दे."

मित्रांनो, सोमवारची सकाळ मी विसरणार नाही! सत्यभामेने पहाटे उठून हुलग्याचे शेंगोळे केले. लसूण, मिरचीचा झणका, वर पातळ रस्सा. माझे कप्पे गरम झाले. आणि निघताना तिने खुंटीवरची घोंगडी काढून खांद्यावर टाकली. सुकन्याने ती नीट सरळ करून दिली. मी त्या दिवशी ड्रायव्हरशेजारी नव्हतो, सत्यभामेच्या मांडीवर होतो. मोहनरावांनी तिला खिडकीची जागा दिली.

बीडमध्ये उतरलो, आणि काय सांगू तुम्हाला! भत्तेवाल्याने मला ओळखलं, मग तिला ओळखलं, आणि गाडी तशीच सोडून पुढे आला. "ठेचेवाल्या बाई आल्या," असं त्याने पलीकडच्या रसवाल्याला सांगितलं. मारवाडी काकांनी तिला गादीवर बसवून ताजी कचोरी फोडून दिली. अण्णाने दोसा एवढा मोठा काढला, की तो ताटाबाहेर गेला. चाचांनी सुपारी दिली आणि घोंगडीवर हात फिरवून विचारलं, "ये आप खुद बुनते?" सत्यभामा हो म्हणाली आणि लाजली. मी तिला असं लाजताना कधी बघितलं नव्हतं. पण प्रत्येक ठिकाणी ती दोनच घास खायची. पोटात जागा राखून ठेवलेली होती, हे मला कळत होतं.

शेवटी ती म्हणाली, "चल आता."

लिंबाच्या झाडाखाली तीच पायरी होती. सत्यभामा ती चढून आत गेली, मधल्या टेबलाशी बसली, घोंगडी शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि मला टेबलावर. गल्ल्यावर सुंदरराव होते. केस पार पांढरे झालेले. पुरी-भाजी आली, भाजीतून वाफ निघत होती. सत्यभामेने घास घेतला, थांबली, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"जोंधळ्याचं पीठ," ती सुकन्याला म्हणाली. "तांबूस भाजून लावलंय. निवल्यावर कळत न्हवतं बघ."

सुंदररावांनी ते ऐकलं. ते उठून टेबलापाशी आले. "बाई, चाळीस वर्षांत कुणी ओळखलं न्हाई," ते म्हणाले. "तुमी कुठल्या?"

सत्यभामेने सांगितलं. कुठली ते सांगितलं, आणि वीस वर्षांपूर्वी याच हॉटेलातून तिला बाहेर पायरीवर बसवलं होतं तेही सांगितलं. आवाज चढवला नाही. आजूबाजूची माणसं जेवायची थांबली. सुकन्याने माझी कडी घट्ट धरली.

"मला आठवत न्हाई, बाई," सुंदरराव म्हणाले.

"तुमाला कसं आठवंल? उपाशी उठून गेले ती मी."

सुंदररावांनी खुर्चीवरच्या घोंगडीकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. "चुकलं माझं," ते म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.

"उभं कावून? बसा," सत्यभामा म्हणाली. त्यांच्याच हॉटेलात तिने त्यांना समोरची खुर्ची दाखवली. ते बसले. मग तिने माझं झाकण काढलं, एका कप्प्यात शेंगोळे वाढले आणि त्यांच्यापुढे सरकवले. "चव सांगा. खोटं न्हाई चालायचं."

सुंदररावांनी खाल्लं. सगळं हॉटेल बघत होतं. माझ्या जिवाची नुसती घालमेल चालली होती, कारण मला एक गोष्ट सकाळपासून माहीत होती, आणि सांगायला तोंड नव्हतं.

"झणका लई छान हाय," सुंदरराव म्हणाले. थोडे घुटमळले, मग खरं सांगून टाकलं. "पर मीठ घातलेलं न्हाई."

सत्यभामेने बोट बुडवून चाखलं. आणि मित्रांनो, ती हसायला लागली. गाडी चुकेल म्हणून घाई केली आणि मीठच विसरले, असं म्हणत पदर तोंडाला लावून हसली. सुकन्या हसली, पलीकडच्या टेबलावरची माणसं हसली. सुंदरराव स्वतः आत जाऊन मीठ घेऊन आले, माझ्यात शिंपडलं, ढवळलं, आणि पुन्हा तिच्यासमोर बसून दोनदा मागून खाल्लं.

संध्याकाळी मी नाथासाठी गच्च भरून वस्तीवर गेलो. त्याने सकाळपासून खरोखरच काही खाल्लं नव्हतं.

तर मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. मला घासताना कडीच्या खाचेत बोट घाला, तिथे तेल अडकतं. माझ्यात पेन ठेवू नका. आणि कुणी भुकेलं तुमच्या दाराशी आलं, तर त्याच्या अंगाला कसला वास येतो ते बघत बसू नका. आधी त्याला आत बसवा. मीठ कमी असलं तर मागून घालता येतं.