दात गेले, भूक आली

उच्चार थोडे सांभाळून घ्या, माझ्या तोंडात आता मोजकेच दात उरलेत. मी लाक्रिस बोलतोय, डेन्मार्कमधल्या स्वेनबोर्गचा, बंदरावरच्या चढाला राहणारा काळा बोका.

जन्म माझा होड्या बांधायच्या कारखान्यात, लाकडाच्या भुशात. थोरकिल तिथे सुतार होता. त्यानं मला कोटाच्या खिशात घालून घरी आणलं. ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या त्याच्या फार आवडीच्या, म्हणून माझं नाव त्या गोळीचंच ठेवलं. घरी त्याची थोरली बहीण होती, इंगेलीसे. त्याचं लग्न झालं नव्हतं, तिचा नवरा वारलेला. दोघं एका छपराखाली राहायची आणि दिवसभर एकमेकांच्या चुका काढायची. खिडकी उघडी ठेवायची की बंद, एवढ्यावर त्यांचा अख्खा हिवाळा निघायचा.

खाण्यापिण्याची मात्र चंगळ होती. थोरकिल ताटातला हेरिंग मासा मला भरवायचा आणि स्वतःही हवं ते खायचा. त्याला मधुमेह झाला तरी ते सुटलं नाही. इन्सुलिनची सुई टोचून घ्यायला तो टाळाटाळ करी, मग इंगेलीसे करवादायची. पुढे मला सारखी तहान लागू लागली, पाठीचा कणा हाताला लागू लागला. मलाही तोच आजार निघाला. "घरात एक होता तो कमी पडत होता का?" असं म्हणत इंगेलीसेनं सिरिंज हातात घेतली. सकाळ-संध्याकाळ मी खाण्यात गुंतलो की ती पाठीवरची सैल कातडी चिमटीत धरून टोचायची. मला कळायचंही नाही.

तरी साखर काही आटोक्यात येईना. तोंडाला घाण वास येऊ लागला. वाटीपाशी जायचो, हुंगायचो आणि मागे सरून बसायचो. घास जबड्यात सलायचा. थोरकिल म्हणे, म्हातारपणी नखरे आलेत.

आमची जनावरांची डॉक्टर मेरेटे. तिनं माझं तोंड उघडून पाहिलं. दातांची मुळं किडली होती, हिरड्यांत पू होता. ते दात काढून पू निघाल्याशिवाय साखर उतरायची नाही, असं तिनं सांगितलं. भूल सोसेल का, याची खात्री मात्र तिनं दिली नाही.

त्या दिवशी स्वयंपाकघरात जुंपली.

"म्हातारा झालाय तो," थोरकिल म्हणाला. "कशाला त्याचे हाल करतेस? जाऊ दे की सुखानं."

"सुखानं? भरल्या वाटीपुढे उपाशी बसलाय तो. त्याला मरायचं नाहीये थोरकिल, जेवायचंय."

तो दार आपटून मागच्या शेडमध्ये निघून गेला. दवाखान्यात मला घेऊन इंगेलीसे एकटीच गेली.

जाग आली तेव्हा तोंडात दातांच्या जागी टाके होते आणि जीभ दुसऱ्या कुणाची तरी वाटत होती. मेरेटेनं इन्सुलिन कमी करून दिलं आणि बजावलं, की पोटात अन्न टिकलं तरच सुई द्यायची. घरी आल्यावर इंगेलीसेनं कोंबडीचं मांस शिजवून अगदी गुळगुळीत वाटलं आणि बोटावर घेऊन माझ्यापुढे धरलं. पहिल्या दिवशी मी जरासं चाटलं. दुसऱ्या सकाळी मात्र वाटी साफ केली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदानं तिनं सुई दिली आणि कपडे वाळत घालायला गेली.

थोड्या वेळानं मला मळमळलं. आमची जातच आजार झाकणारी. कोचामागे जाऊन मी सगळं ओकलो आणि येऊन जागेवर पडून राहिलो. कुणाला पत्ता नाही.

दुपारपर्यंत माझे पाय लटपटू लागले. उठलो तर मागचे पाय घसरले. इंगेलीसेला वाटलं, दुखण्यावरच्या औषधाची गुंगी असेल. तिनं पांघरूण घातलं. अंग थरथरत होतं, समोरची शेकोटी दोन-दोन दिसत होती.

थोरकिल कॉफी घ्यायला आत आला. भांडणाच्या दिवसापासून त्यानं माझ्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. आता पाहिलं आणि कप तसाच टेबलावर ठेवला.

"ही गुंगी नाही गं. साखर फारच खाली गेलीय त्याची. मध आण."

"तुला काय माहीत?"

"सुई घेऊन जेवायचं राहिलं की मला असंच होतं." तो फरशीवर गुडघ्यांवर बसला होता. "शेडमध्ये. तुला सांगितलं नाही कधी. आण लवकर आणि मेरेटेला फोन लाव."

बोटावर मध घेऊन टाके वाचवत त्यानं तो माझ्या गालाच्या आतून चोळला. रंधा धरून राठ झालेलं त्याचं बोट इतकं हलकं असेल असं मला वाटलं नव्हतं. हळूहळू शेकोटी एक झाली. गाडीतून दवाखान्यात नेताना मी त्याच्याच कोटात होतो. इंगेलीसे गाडी चालवत होती आणि शेडमध्ये किती वेळा असं झालं, ते त्याच्याकडून वदवून घेत होती. तो खरं खरं सांगत होता.

सकाळचं अन्न पोटात टिकलं नव्हतं, हे मेरेटेनं ओळखलं; तिनं मला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, उलटीचं औषध दिलं आणि परत धाडलं. त्यानंतर माझी वाटी थोरकिल भरू लागला. खाल्लेलं पोटात राहिलं याची खात्री झाल्याशिवाय तो इंगेलीसेला सिरिंजला हात लावू देत नसे. मग तिनंही अट घातली, आधी त्याची सुई, मग माझी. कुरकुरत का होईना, तो बाही वर सारू लागला.

हिरड्या भरून आल्या. माझी साखर उतरली, इन्सुलिन कमी कमी होत गेलं. गेल्या खेपेला मेरेटे म्हणाली की कदाचित सुई बंदही करता येईल, पण आशा धरताना लक्षही ठेवा. थोरकिल बाहेर येऊन मला म्हणाला, "तू सुटशील लेका. मला मात्र ही म्हातारी टोचतच राहणार." इंगेलीसेनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. दोघंही हसत होती.

आता मी खिडकीत ऊन खात बसतो. ती उघडी की बंद, हा वाद अजून चालूच आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरचं मांजर वाटीपाशी जाऊन मागे फिरलं, तर नखरे म्हणून सोडून देऊ नका. त्याचं तोंड एकदा कुणा जाणत्याला दाखवा. ते ओरबाडेल, तेवढं सोसा.

बराय, येतो मी. आत मासा कुस्करताहेत आणि मला भूक लागलीय.