करंगळी

“थांबा, चुकलं. परत पहिल्यापासून,” फोनमधली मुलगी म्हणाली आणि तिच्यामागे उलट्या बादलीवर चाललेला ठेका बंद पडला.

फोन बारा नंबरच्या पेशंटच्या उशीवर होता, उजव्या कानाशी. डाव्या कानाने त्यांना आधीपासूनच कमी ऐकू येतं, असं त्यांच्या मुलीने मला बजावून ठेवलं होतं. खरं म्हणजे गेले सहा आठवडे ते कुठल्याच कानाने ऐकत असल्याची खूण नव्हती. तरी मी फोन उजवीकडेच ठेवायचे.

फरशी पुसता पुसता वॉर्डातल्या मावशी थांबल्या. “सिस्टर, बादली कोण बडवतंय?”

“जावई. नात माउथ ऑर्गन वाजवते, बाप ठेका धरतो.”

“चैन आहे बाबा. आमच्याकडे वाजवायला बादली रिकामी सापडत नाही.”

मावशी कोणाच्या मावशी नव्हत्या आणि मी तिथे कोणाची सिस्टर नव्हते, पण दवाखान्यात माणसाला अशी फुकटची नाती चिकटतात. पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले की माझं तेवढंही सुटणार होतं.

बारा नंबर म्हणजे एक म्हातारे शिंपी. दुकानावरच्या खोलीत एकटेच राहायचे. वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढताना स्टुलावरून पडले, डोक्याला मार बसला आणि ते जागे झालेच नाहीत. नाकातल्या नळीतून भरवायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, डोळे पुसायचे, असं चाललं होतं. त्यांची थोरली मुलगी शाळेत शिकवते, इथून दीड दिवसाच्या वाटेवर. ती बारा दिवस उशाशी बसली आणि रजा संपली तशी रडत गेली. जाताना तिने एक जुना फोन माझ्या हातात ठेवला. “डॉक्टर म्हणतात, ओळखीचे आवाज कानावर पडू द्या. आम्ही रोज काहीतरी पाठवू. दुपारी चारला तेवढं ऐकवाल?”

ऐकवीन म्हटलं. पहिले चार दिवस मी फोन उशीवर ठेवून दुसऱ्या खाटांकडे वळायचे. पाचव्या दिवशी अकरा नंबरला सलाईन लावताना कानावर पडलं की त्यांच्या धाकट्या मुलाचा ट्रक एका घाटात अडकलाय, आठ तास झाले, पुढे दरड आहे, आणि निरोप तिथेच संपला. ट्रक सुटला की नाही, हे मला दुसऱ्या दिवशी चारपर्यंत कळणार नव्हतं. घरी जाऊन जीव थाऱ्यावर राहीना. दुसऱ्या दिवशी मी स्टूल ओढून बसले.

मग बसतच गेले. धाकटा रस्त्यातून बोलायचा, मागे इंजिन घुरघुरत असायचं. “बाबा, आज मेंढ्यांनी रस्ता अडवला. मेंढपाळ म्हणतो, वाजवा हॉर्न खुशाल, त्यांना सवय आहे!” थोरली हजेरी घेतल्यासारख्या बातम्या सांगायची. कोणाला दात आला, कोणाचा पडला, कुठल्या आतेबहिणीचं जमलं, कुठल्या चुलत्याचं बिनसलं. तिची आत्या आणि काकू दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या मागच्या मंगळवारी बोलल्या. माझ्या शेजारच्या खोलीत कोण राहतं याचा मला पत्ता नव्हता, पण त्या दोघी आधी काय बोलल्या हे शब्दन् शब्द माहीत होतं.

“आयत्या पिठावर रेघोट्या ओढताय, सिस्टर,” मावशी म्हणाल्या. मला राग आला, कारण ते खरं होतं.

मला एक भाऊ आहे. तो रविवारी फोन करतो. “बरी आहेस ना?” “बरी आहे. तू?” “बरा. ठेवू मग?” असा आमचा संवाद. एका रविवारी मी म्हटलं, “थांब ना. धाकट्याची गाडी सुटली घाटातून.”

“कोण धाकटा?”

“आहे एक.”

“बरं. ठेवू मग?”

तर त्या शनिवारी, बादलीचा ठेका दुसऱ्यांदा नीट पार पडल्यावर, थोरलीचा फोन आला.

“सिस्टर, खरं सांगा. काही फरक?”

“तसंच आहे. पण तब्येत...”

“नाही, सांभाळून बोलू नका. आम्ही घरात बोललो. डॉक्टर म्हणाले, आता जे करायचं ते घरीही होईल. सोमवारी गाडी करून त्यांना इकडे आणतो. माझ्या खोलीतच ठेवीन. आणि हे पाठवणं आता बंद करतो हो. पोरगी वाजवून झालं की रडते. म्हणते, ऐकतं का कोणी?”

ऐकतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ऐकते.

सोमवारनंतर चार वाजता मी काय करायचं, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात आला. म्हाताऱ्याचा आला नाही, पोरीचा आला नाही. लाज वाटते सांगायला, पण माझाच आला.

“आज करंगळी हलली,” मी म्हटलं.

खोटं बोलायचंच तर लहानात लहान बोटाचं बोलावं, असं काहीतरी मनात असावं. पलीकडे थोरली घरात कोणालातरी ओरडून म्हणाली, “अहो, हलली! बाबांची करंगळी हलली!” भांडं पडलं, पावलं धावली, कोणीतरी रडायला लागलं. नात मागून विचारत होती, “कुठे वाजवताना? आई, विचार ना, कुठे वाजवताना?”

“जिथे चुकलीस ना, तिथेच,” मी म्हटलं. खोट्याला पाय नसतात म्हणतात. माझं खोटं दीड दिवसाची वाट एका मिनिटात चालून गेलं.

सोमवारची गाडी रद्द झाली. फोनवर निरोपांचा पाऊस पडू लागला. आत्याने पाठवलं, काकूने पाठवलं. एका चुलत्याने पुढचे दात नसताना शीळ वाजवली आणि अर्धी हवा फुसकन गेली, त्यावर मावशी आणि मी तोंडाला पदर लावून हसलो. नात रोज विचारायची, आज हलली का. आणखी दोनदा मी हो म्हटलं.

केसपेपरवर मात्र मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. रोज चारच्या रकान्यात माझ्याच अक्षरात ‘प्रतिसाद नाही’ असंच जायचं. जीभ घसरली तरी हात घसरत नव्हता. त्यात मोठेपणा काही नाही. चौतीस वर्षांत हाताला तेवढीच सवय लागली होती.

मी त्यांची सेवा नीट केली. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. पण तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या छातीत कफ धरला आणि श्वासाची घरघर खाटेच्या चार हात लांबून ऐकू यायला लागली. डॉक्टरांनी घरच्यांना कळवलं. थोरलीच्या शाळेत परीक्षा होती, म्हणून धाकटा आला.

दुपारी दारात एक उंच माणूस चपला हातात घेऊन उभा होता. अंगावर रस्त्याची धूळ तशीच. “बाबा कुठल्या खाटेवर?” त्याने विचारलं आणि आवाज ऐकताच मी ओळखलं. मी त्याला मेंढ्यांचं विचारणार होते. तोंड मिटून घेतलं.

तो खाटेशी बसला. बापाच्या गालावरून त्याने हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “सिस्टर, कुठली करंगळी?”

“ही,” मी म्हटलं. उजव्या हाताची दाखवली.

त्याने ती करंगळी दोन बोटांत धरली आणि बोलायला लागला. रस्त्याचं, डिझेलचं, नातीचं. मग सगळ्यांनी पाठवलेलं एकेक लावून झालं. दोन तास तो ते बोट धरून बसला. मी औषधांची गाडी ढकलत तीनदा तिथून गेले आणि तिन्ही वेळा त्याने मान वर केली. “आत्ता हलली का हो? मला वाटलं हलली.”

पाचच्या राउंडला डॉक्टर आले. धाकटा म्हणाला, “साहेब, आम्ही तेव्हाच घरी नेणार होतो. करंगळी हलायला लागली म्हणून थांबलो. आता कशी हलत नाही?”

डॉक्टरांनी केसपेपर मागे-पुढे चाळला. “अशी काही नोंद दिसत नाही इथे.”

“सिस्टरनी बघितलंय. तीनदा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशी दारातूनच म्हणाल्या, “अहो, गडबडीत लिहायचं राहतं. चाळीस खाटा आणि हात दोन.” मग जवळ येऊन हळूच पुटपुटल्या, “झाकली मूठ सव्वा लाखाची, सिस्टर.”

राहून गेलं, एवढंच म्हणायचं होतं. कोणाला कधी कळलं नसतं आणि मी मानाने घरी गेले असते. पण तो मनुष्य अजून ती करंगळी धरून बसला होता आणि मी गप्प राहिले असते तर रात्रभर धरून बसला असता.

“राहिलं नाही,” मी म्हटलं. “हललीच नव्हती. एकदाही नाही.”

डॉक्टर म्हणाले, उद्या ऑफिसात या. ते पुढच्या खाटेकडे गेले. धाकट्याने बोट सोडलं नाही.

“मग सांगितलंत का तसं?”

“तुम्ही पाठवायचं बंद करणार होतात. मला ऐकायचं होतं.”

त्याला समजलं असेल का, मला माहीत नाही. त्याने बहिणीला फोन लावला, चार वाक्यांत सांगितलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

थोरली ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वर्गात बोलावं तशी बोलली. “एकवीस दिवस झाले, सिस्टर. एकवीस दिवस ते आमच्यात असते. पोरगी उशाशी बसून वाजवत राहिली असती. आता तो कफ घेऊन दीड दिवसाचा रस्ता. पोचतील का?”

“सांगता येत नाही.”

“हे तरी खरं बोललात,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यांनी न्यायचंच ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकट्याने टेबलावर वाकून कागदांवर सह्या केल्या. तो जुना फोन मी पुसून, वायर गुंडाळून त्याच्यापुढे ठेवला. तो खिशात टाकत त्याने विचारलं, “तुम्हाला कोणी नाही का?”

“भाऊ आहे.”

“मग?”

“आहे ना. रविवारी फोन करतो.”

तो म्हणाला, “मी गाडी दारात लावून घेतो. दहा मिनिटं लागतील. तुम्ही बसा त्यांच्याजवळ. बोला काहीतरी, आज कोणाचं काही आलेलं नाही.”

मी स्टूल ओढून उजव्या कानाशी बसले. नऊ आठवड्यांत मी त्यांच्याशी ‘कूस बदलते हं’ आणि ‘जरा टोचेल’ यापलीकडे काही बोलले नव्हते. दुसऱ्यांचीच बोलणी ऐकवत होते.

“मी सिस्टर,” मी म्हटलं. “खोटं बोलले तुमच्या माणसांशी. त्यांच्याजवळ राहता आलं असतं तुम्हाला, माझ्यामुळे राहिलं. माफ करा.” घरघर चालू होती. “माझी बातमी अशी आहे की भाऊ बरा आहे. मी पुढच्या वर्षी निवृत्त होते. खोलीला पश्चिमेची खिडकी आहे, संध्याकाळी तापते, म्हणून पडदा लावलाय. प्रवास म्हणाल तर ट्रेनिंगला एकदा लांब गेले होते. जाताना बस लागली आणि येतानाही लागली.” गाणं म्हणून शाळेतलं एक आठवत होतं. त्याची पहिली ओळ म्हटली. दुसरी आठवली नाही, म्हणून पहिलीच परत म्हटली.

घड्याळात पाहिलं. सगळं मिळून दीड मिनिट झालं होतं. आणखी काही सांगण्यासारखं आहे का, म्हणून मी खूप विचार केला. मग गाडी येईपर्यंत त्यांचा हात हातात घेऊन नुसती बसून राहिले.

पेशंट हलवताना खालच्या चादरीचे चार कोपरे चौघांनी धरायचे असतात. डोक्याकडे धाकटा आणि गाडीचा ड्रायव्हर, पायाकडे मावशी आणि मी. “तीन म्हटलं की उचलायचं,” मी म्हटलं, कारण ते सांगायचं काम सिस्टरचं असतं. त्यांच्यात वजन असं उरलंच नव्हतं. स्ट्रेचरवर ठेवलं की कोपरे सोडायचे असतात. तिघांनी सोडले. मी माझा कोपरा धरूनच गाडीच्या दारापर्यंत चालत गेले आणि सोडा असं मला कोणी म्हटलं नाही.