सातावर थांबलेला काटा

सावद्याच्या केळीवाल्यांच्या मंडळाने एकोणनव्वद साली विहिरीच्या पाण्याची आम्लता मोजायचं यंत्र आणलं आणि दसऱ्याला नांगर-कुदळींबरोबर त्याचीही पूजा केली. हळदकुंकू डब्याला लावलं असतं तर चाललं असतं. अध्यक्ष चुडामण आबांनी ते लावलं पाण्यात बुडवायच्या काचेच्या कांडीला, तेही नेमकं टोकावरच्या नाजूक फुग्यावर. मग झाडलोट करणाऱ्या धुरपदाबाईने कांडी राखेने लख्ख घासली आणि उन्हात वाळवली. कांडी क्षाराच्या पाण्यात ओलीच ठेवायची असते हे ठाऊक असलेला अभिमन, म्हणजे यंत्र चालवणारा, सासुरवाडीला सोनं वाटायला गेला होता.

तो परतल्यापासून काटा ठरेना. सहावर, नऊवर, मध्येच पाचावर. आज जळगावहून शेतकी खात्याचे साहेब यंत्र तपासायला येणार होते. काटा असाच भटकला तर यंत्र काढून नशिराबादच्या मंडळाला देणार आणि अभिमनची नोकरी त्याच्यामागून. अभिमन टेबलाभोवती फेऱ्या घालत होता, आबा अभिमनभोवती.

“काटा दम काहून धरत नाही रे?”

“कांडी म्हातारी झाली, आबा.”

“चैतात तं आणली.”

“घासलं, वाळवलं, पत्र्याखाली तापवलं की तिचं आयुष्य सरते. त्यात तुमची हळद.”

“हळद लागल्यावर माणूस म्हातारा होते, ते मले ठाऊक शे. कांडीचं कोन्तं लगन लागलं?”

तेवढ्यात जीप आली. साहेबांपुढे अभिमनने कांडी पाण्यात सोडली. काटा सातावर, म्हणजे ना आंबट ना खारं अशा चांगल्या पाण्याच्या आकड्यावर गेला आणि थांबला. हलेचना.

“वा,” साहेब म्हणाले. आबांनी टोपी सारखी केली.

अभिमनला मात्र ते खरं वाटेना. त्याने साहेबांसमोरचा लिंबाच्या सरबताचा पेला उचलला आणि कांडी त्यात बुडवली. आंबटाला काटा दोन-तीनवर उतरायला हवा होता. सात.

“साहेब, ही मेली आहे. आता कशातही घातली तरी सातच दाखवणार.”

साहेबांनी पेल्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं. “मी हिंडलो त्या प्रत्येक गावात काटा हलतच होता,” ते म्हणाले. “हा पहिला थांबलेला. यंत्र इथंच राहू द्या.” आणि सरबत तसंच ठेवून निघाले.

“आबा, नवी कांडी मागवू या.”

“हालत व्हती तव्हा बदला म्हने, थांबली तरी बदला म्हनते. तुले चैन म्हणून नाही का रे?”

अभिमन दाराकडे गेला. बाहेर माणसं आपापल्या विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती आणि प्रत्येकाला सातच हवं होतं.