चौदा दिवसांची खाट

विटा मीच आणल्या. इंदिरानगरला आमच्या बिल्डिंगशेजारी बांधकाम चालू होतं. तिथल्या वॉचमनला "शाळेच्या प्रोजेक्टला पाहिजेत" असं बिनधास्त सांगितलं आणि चार विटा दोन खेपांत तिसऱ्या मजल्यावर चढवल्या. आजीनं त्या पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन्ही पायांखाली सरकवल्या. मग ज्योत्स्नाकाकू डोकं खाली, पाय वर अशी झोपली.

"आता चौदा दिवस हिनं उठायचं नाय," आजी म्हणाली. "संडास-आंघोळीपुरतं तेवढं."

काकू म्हणजे माझ्या शेखरकाकाची बायको. ती, काका आणि आजी नांदगावला राहतात. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मूल नव्हतं, म्हणून टेस्ट ट्यूबचे उपचार चालले होते. दवाखाना नाशिकला, त्यामुळे मुक्काम आमच्याकडे. त्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी काकूच्या पोटात दोन गर्भ सोडले होते. त्यातला एखादा रुजला का, ते चौदाव्या दिवशी रक्त तपासून कळणार होतं. काका दुकान उघडायला नांदगावला परत गेला.

गंमत म्हणजे, डॉक्टरबाई माझ्यासमोर स्पष्ट म्हणाल्या होत्या, "घरी जा आणि नेहमीसारखं वागा. जड उचलू नका. बाकी चाला, फिरा, काही होत नाही." मी घरी येऊन आजीला शब्दन् शब्द सांगितलं. आजी म्हणाली, "बरं." आणि मला विटा आणायला पाठवलं.

मी नववीत होते. त्याच जानेवारीत आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता. त्याआधी बाईंनी उभं केलं की माझे कान लाल व्हायचे. नंबर आल्यावर वाटायला लागलं की जगात असा माणूसच नाही ज्याला बोलून पटवता येणार नाही. आई म्हणायची, "वेदिका, जरा श्वास घे गं."

फक्त आजीपुढे माझं काही चालेना.

त्यामागे एक गोष्ट होती. दोन वर्षांपूर्वी काकूचा असाच एक प्रयत्न झाला होता. तेव्हा ती पाचव्या दिवशी स्टुलावर चढून फळीवरचा डबा काढत होती आणि तेवढ्यात मालनआजी दारात आली. मालनआजी म्हणजे आजीची धाकटी जाऊ, नांदगावला अगदी शेजारचं घर. तो प्रयत्न फसला. मग प्रत्येक बारशाला, प्रत्येक हळदीकुंकवाला मालनआजीचं एकच पालुपद. "स्टुलावर चढली ना बया! देवानं दिलं व्हतं, हिनं पाडलं." शेवटी काकूनं बायकांत जाणंच सोडलं. ती ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकं यायची, माप द्यायची आणि जाताना स्टुलाकडे बघून जायची.

नवव्या दिवशी मी सकाळची शाळा करून घरी आले. आई-बाबा ऑफिसला होते आणि आजी पुढच्या खोलीत घोरत होती. काकू छताकडे बघत म्हणाली, "वेदू, पंख्याला एकोणतीस भोकं आहेत."

"काय?"

"जाळीला. मधल्या टोपीला. मोजली मी. माझी पाठ मोडली गं. डोक्यात रक्त उतरून नाक चोंदलंय."

"मग ऊठ ना! डॉक्टर चाला म्हणाल्यात. आपण आडमुठेपणा करायचा की विज्ञान मानायचं?" माझं भाषण सुरू झालं. "गर्भ म्हणजे काय खिशातली गोटी आहे का, उभं राहिलं की पडायला?"

काकू हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "पुढच्या आठवड्यात एका नवरीचे सहा ब्लाउज द्यायचेत. अस्तर घ्यायचंय. द्वारका चौकातल्या दुकानात मिळतं. रिक्षानं अर्ध्या तासात येऊ?"

मी तिच्या चपला हातात घेऊन दार उघडलं. आवाज न करता. इतकी हुशार मी.

जिना ती कठडा धरून उतरली. खाली ऊन तोंडावर आलं तेव्हा डोळे मिटून मिनिटभर उभी राहिली. रिक्षात मात्र ती एका हातानं दांडी आणि दुसऱ्या हातानं पोट धरून बसली. एका खड्ड्यात रिक्षा चांगलीच उडाली. काकूनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गोटी नाहीये, काकू." पण या वेळी ती हसली नाही.

अस्तर घेतलं, हूक घेतले, पाचच मिनिटांत झालं. द्वारका चौकात परतीची रिक्षा बघत होतो तर समोर नांदगावच्या गाडीची वाट बघत, दोन पिशव्या पायाशी ठेवून, कोण उभं? मालनआजी!

"अगं बया बया!" तिचा आवाज चौकातल्या हॉर्नच्या वरचा. "ज्योत्स्ना? तू तर खाटंवर हायेस ना? तुझी सासू कुसाबाई तर फोनवर सांगती, पोरगी पापणीबी हलवत नाय!"

काकूच्या हातातली पिशवी एकदम लपायला गेली. पण लपवणार कुठे?

"काकी, ते... अस्तर..."

"अस्तर! पोटातलं सोडून अस्तर घ्यायला आली!"

मी पुढे झाले. "मालनआजी, डॉक्टर म्हणाल्यात चालायला हरकत नाही."

"तू गप गं, शेंबडी. तुला काय ठावं?" गाडी लागली तशी तिनं पिशव्या उचलल्या आणि पायरीवरून वळून म्हणाली, "गेल्या टायमाला स्टूल. आता रिक्षा."

गाडी गेली. नांदगावला पोचायला तिला जेवढे तास लागणार होते, तेवढेच आमच्याकडे होते.

घरी आलो तर आजी रिकाम्या पलंगावर बसलेली. कलत्या पलंगावरून घसरू नये म्हणून तिनं पाय जमिनीवर घट्ट रोवले होते.

काकू म्हणाली, "आई, मी द्वारकेला गेले होते. मालनकाकी भेटल्या."

आजीचा चेहराच उतरला. मी लगेच सुरू झाले, "आजी, यात शास्त्रीयदृष्ट्या—"

"तुझं शास्त्र ठेव बाजूला." आजी ओरडली नाही, तेच जास्त वाईट होतं. "मला काय येडी समजती का? डॉक्टरीणबाई काय बोलल्या ते तू सांगितलं, शेखरनंबी सांगितलं. आगं, तिसऱ्या लेकराच्या टायमाला मी सातव्या महिन्यापर्यंत शेतात निंदणी केली. चालल्यानं कुणाचं पडतं का?"

"मग विटा कशाला?"

"मालनच्या तोंडासाठी!" आजीनं पलंगावर हात आपटला. "पोरासाठी नाय झोपवली मी हिला. चौदा दिवस झोपली, अंगठाबी जमिनीला लावला नाय, असं मला गावात सांगता आलं असतं. राहिलं तर देवाची दया. नाय राहिलं तर हिचा दोष नाय. आता काय सांगू?"

काकू आजीच्या पायाशी फरशीवर बसली. मी तिला पटवलं होतं, तिच्या चपला मी उचलल्या होत्या. आणि आजीनं तिच्याभोवती घातलेलं कुंपण मीच उघडून दिलं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी काकू बाथरूममधून पांढरीफटक होऊन बाहेर आली. "आई, डाग दिसतोय."

मला तो खड्डा आठवला. उडालेली रिक्षा, तिचा पोटावरचा हात. दप्तर तिथंच टाकून मी त्यांच्याबरोबर निघाले. कुणी नको म्हणालं नाही. दवाखान्यात आमचा नंबर येईपर्यंत काकू भिंतीवरच्या गुटगुटीत बाळांच्या फोटोंकडे पाठ करून बसली होती.

डॉक्टरबाईंनी सगळं विचारलं. मी न विचारताच सांगून टाकलं, "मी नेलं त्यांना. रिक्षानं. खड्ड्यातून उडालो आम्ही."

"त्यानं काही होत नाही बाळा," त्या म्हणाल्या. "डाग दोन्ही वेळा दिसू शकतो, राहिलं तरी आणि नाही राहिलं तरी. गोळ्या चालू ठेवा. परवा रक्त तपासू."

आम्ही उठलो. आजी उठली नाही.

"बाई, हेच जरा कागदावर लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"चालल्यानं, जिना उतरल्यानं, रिक्षात बसल्यानं जात नाय म्हणून. सही करा, शिक्का मारा."

डॉक्टरबाईंना हसू आलं. "अहो आजी, असं सर्टिफिकेट नसतं. परवाचा निकाल तर येऊ द्या."

"परवा लिहिलं तर कोण मानंल? म्हणतील, नाय राहिलं म्हणून सुनंला वाचवायला लिहून आणलं." आजीनं टेबलावर बोट ठेवलं. "आमच्याकडं बांध कुठं हाय ते पेरणीच्या आधी ठरवत्यात. पीक उभं राहिल्यावर कुणी कुणाचं ऐकत नाय. आजच लिहा बाई. आजची तारीख टाका."

डॉक्टरबाई काकूकडे बघत राहिल्या. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. मग त्यांनी लेटरहेड ओढलं आणि इंग्रजीत लिहायला लागल्या.

"मराठीत," आजी म्हणाली.

"माझं अक्षर तुम्हाला लागायचं नाही हो."

मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. गर्भ ठेवल्यानंतर चालणे, जिना चढणे-उतरणे, रिक्षाने जाणे यामुळे तो पडत नाही. गर्भ राहणे वा न राहणे यात सौ. ज्योत्स्ना यांचा काहीही दोष नाही. दुसरं वाक्य लिहिताना पेन जरा अडखळलं. बाईंनी सही केली, तारीख टाकली, शिक्का मारला. आजीनं तो वाळेपर्यंत फुंकर मारली.

चौदाव्या दिवशी सकाळी रक्त दिलं. चार वाजता फोन वाजला. उचलायला आजी उठली, मी धावले, पण काकूनंच घेतला.

"हो... बरं... बरं मॅडम. गोळ्या बंद करू ना? बरं."

रिसीव्हर ठेवून ती म्हणाली, "नाही राहिलं."

आजीनं तिला जवळ ओढलं. काकू आजीच्या खांद्यावर तोंड दाबून रडली. मी तिथंच फरशीवर बसले. कुणाच्या डोळ्यांत बघावं ते कळत नव्हतं. काकूनं न बघताच हात लांब केला आणि माझी वेणी धरून मला ओढलं.

अर्ध्या तासानं परत फोन. या वेळी कोण असणार ते तिघींनाही माहीत होतं. आजीनं कागद काढला, चष्म्याशिवायच उलगडला आणि रिसीव्हरकडे हात नेला. काकूनं मान हलवली आणि फोन स्वतः घेतला.

"हो काकी. नाही राहिलं... हो, द्वारकेला गेले होते... नाही, मला कुणी नेलं नाही. मी माझ्या पायांनी गेले." तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "आणि काकी, परत करू तेव्हाही जाईन. शिवणही करीन."

पलीकडून मालनआजी इतकी जोरात बोलत होती की मला बसल्या जागी ऐकू येत होतं. स्टूल, रिक्षा, अस्तर. आजीनं काकूच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"मालन, कुसा बोलते. रविवारी आम्ही येतोय गावाला. गल्लीतल्या सगळ्या बायकांना चहाला बोलाव तुझ्या घरी. डॉक्टरीणबाईचा कागद हाय, शिक्क्याचा. रक्त तपासायच्या दोन दिवस आधीची तारीख हाय त्याच्यावर. नाय, नाय, मला कुठं वाचता येतंय? तुझ्या सुनंला येतं ना? तिलाच वाचाय लावू."

आजीनं कागदाची घडी परत घातली.

"आणि मालन, तिला म्हणावं, मनातल्या मनात नाय. मोठ्यानं."