पेटी फोडू नये

आमच्या घरी चोरी झाली तेव्हा घरात शंभरावर कुलपं होती आणि दाराला त्यातलं एकही नव्हतं. दाराला होतं ते वेगळं, नावापुरतं.

हे हवालदारांना समजावून सांगणं जरा जड गेलं. उंबऱ्यात उभे राहून ते त्या नावापुरत्या कुलपाला उलटंपालटं करत होते.

"हे फोडलेलं नाही," ते म्हणाले. "नुसतं ओढलंय."

"ओढायचीही गरज नव्हती," बाबा म्हणाले. "दार जरा जोरात आपटलं तरी निघतं ते."

"मग लावता कशाला?"

"वाऱ्यानं दार उघडतं म्हणून."

बाबांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. लोक किल्ली हरवतात, बाबा नवी करून देतात. लोक स्वतःला बाथरूममध्ये कोंडून घेतात, बाबा जाऊन सोडवतात. सगळे त्यांना कुलूपकाका म्हणतात, आणि मला कुलूपकाकांचा धाकटा. दुकानाबाहेर त्यांना एकच नाद होता, तोही कुलपांचाच. पितळी, लोखंडी, माशाच्या आकाराची, दोन किल्ल्या एकदम फिरवल्याशिवाय न उघडणारी, किल्लीचं भोक खिळ्याच्या टोपीखाली लपवलेली. बाहेरच्या खोलीत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर कुलपं, सगळी बंद. उघडं कुलूप जांभई देतंय असं वाटतं, असं बाबांचं म्हणणं.

"त्यातलं एखादं दाराला का नाही लावलं?" हवालदारांनी विचारलं.

"बाहेर लावली की खराब होतात."

हवालदार लिहायचे थांबले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. घरात कोणीतरी शहाणं असेल अशी आशा होती त्या नजरेत. मी मान खाली घातली.

"बरं. काय काय गेलं?"

"कुलपं."

"कशाकशाची?"

"कशाची म्हणजे? नुसती कुलपं. कशालाच लावलेली नव्हती."

किल्ल्या मात्र जागच्या जागी होत्या. किल्ली आणि कुलूप एका खोलीत ठेवायचं नाही, हा बाबांच्या धंद्यातला पहिला नियम. त्यामुळे आतल्या खोलीतल्या फळीवर प्रत्येक किल्ली आपापल्या खिळ्याला लटकत होती, आणि उघडायला जगात काही उरलं नव्हतं. तिकडे चोराची अवस्था नेमकी उलटी. पोतंभर बंद कुलपं घेऊन तो कुठेतरी बसला असणार.

कुलपांबरोबर माझा लॅपटॉपही गेला. आईच्या कपाटातल्या साड्या विस्कटल्या होत्या, पण एकही नेली नव्हती, याचं तिला थोडं वाईटही वाटलं असावं.  हवालदार बूट घालायला लागले तेव्हा तिनं बाबांना विचारलं, "पेटी?"

बाबांनी कपाटाच्या वरच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. 

पेटीचं सांगायला हवं. मला एक मोठा भाऊ होता. शेवटची दोन वर्षं दादा आजारीच होता, घरात पडून. पुस्तकं वाचून झाली, छत बघून झालं, तेव्हा त्यानं बाबांची कुलपं मोबाइलवर रेकॉर्ड करायला घेतली. फोटो नाही, आवाज. एक कुलूप उशाशी घ्यायचं, पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशी त्याची ओळख करून द्यायची आणि मग किल्ली फिरवायची. "हे कुलूप मोठ्या मावशीसारखं आहे. आधी कौतुक करा, मग तोंड उघडेल. वा, काय पॉलिश आहे. वा, काय वजन आहे." मग खट्. मग दादाचं हसणं, मग खोकला, मग आणखी थोडं हसणं. काही कुलपं उघडत नसत. मग दहा मिनिटं नुसती खुडबुड आणि दादाच्या दबक्या शिव्या. बाबा त्या शिव्यांना धंद्यातले शब्द म्हणायचे.

दादा गेल्यावर त्याचं जे काही ऐकण्यासारखं उरलं ते एवढंच. तो कधी व्हिडिओत यायचा नाही. आजारी चेहरा नको म्हणायचा.

मी मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. लोकांचे उडालेले फोटो परत मिळवून देणं हे माझं पोट भरायचं साधन आहे. त्यामुळे मी बाबांना शास्त्रशुद्ध सल्ला दिला होता, दोन प्रती करा आणि दोन जागी ठेवा. बाबांनी हार्ड डिस्कवर एक करून घेतली, पेन ड्राइव्हवर दुसरी. मग दोन्ही एकाच लोखंडी पेटीत ठेवल्या. दादाचा मोबाइलही त्यातच.

"बाबा, दोन जागी म्हटलं होतं."

"घरातली सगळ्यात सुरक्षित जागा ही. दुसरी प्रत काय कमी सुरक्षित जागी ठेवू? तिनं काय घोडं मारलंय?"

इंटरनेटवर ठेवू म्हटलं तर म्हणाले, "तिथं कुलूप कोणाचं आहे ते सांग आधी."

मी तो विषय सोडला. 

पेटीला त्यांनी स्वतः बनवलेलं कुलूप होतं. आयुष्यात एकच बनवलं, त्याला कित्येक महिने लागले. दिसायला साधं, काळं, मुठीएवढं. आणि भरलेल्या कपाटाच्या वर एकच पेटी ठेवून तिला असं कुलूप लावलं, तर चोर बिचारा काय समजणार? आपण यांचं सगळं जडजवाहीर उचललं अशा समजुतीनं त्यानं ती नेली असणार.

पहिले दोनतीन दिवस घरात माणसांची ये-जा होती. चोरी झालेल्या घरी माणसं येतात, चहा पितात आणि तुमचं काय चुकलं ते सांगून जातात. शेजारच्या काकूंना कुलपं गेली हे कळल्यावर आधी हसू आलं, मग त्यांनी ते चहाबरोबर गिळलं. "सोनंनाणं नाही ना गेलं? मग सुटलात," त्या म्हणाल्या. आई म्हणाली, "हो, सुटलो." तिच्या तोंडून ते इतकं खरं वाटलं की काकूंनी आणखी अर्धा कप घेतला.

त्या गेल्यावर बाबा पहिल्यांदा नीट बोलले.

"ते कुलूप कोणाच्या बापाला उघडणार नाही," ते म्हणाले. आवाजात जुना रुबाब होता. "करवतीनं नाही, हातोड्यानं नाही. किल्लीशिवाय नाहीच."

"मग?" आईनं विचारलं.

"मग काय, बसेल बोंबलत. शेवटी पेटीच फोडेल..."

आणि ते थांबले. तिघांनाही एकदमच दिसलं. कुलूप बाजारातलं असतं, तर चोरानं उचकटलं असतं, आत एक जुना मोबाइल आणि डबडी बघून शिवी हासडली असती आणि पेटी आहे तशी गटाराकडेला टाकली असती. आता तो घण घेणार. बाबांनी आयुष्यभरात एकच गोष्ट इतकी चांगली केली होती, आणि ती वाईट झाली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दुकान उघडलं नाही. दुपारी मी जेवायला घरी आलो तर ते कार्डबोर्डवर मार्करनं काहीतरी लिहीत होते. मी वाचलं.

"पेटी नेणाऱ्यांस विनंती. पेटी फोडू नये. कुलूप फुटणार नाही, आतल्या वस्तूंना मात्र धक्का बसेल. किल्ली कुलपांच्या दुकानात मोफत मिळेल. चौकशी केली जाणार नाही."

"बाबा, तुम्ही चोराला किल्ली देणार?"

"मग काय तुला देऊ? तुझ्याकडे पेटी आहे का?"

 आई मागून येऊन वाचत होती. मला वाटलं आता ही थांबवेल. ती म्हणाली, "कृपया घाला. विनंती म्हणता आणि कृपया नाही."

बाबांनी घातलं.

मी माझ्या कामाच्या दुकानातून प्रती काढून आणल्या आणि आम्ही बापलेक भंगारवाल्यांच्या गल्लीत, जुन्या सामानाच्या बाजारात, पुलाखाली, जिथं जिथं चोरीचा माल जातो असं लोक म्हणतात तिथं तिथं चिकटवत फिरलो. बाबा खळ लावायचे, मी कागद दाबायचो. एका ठिकाणी त्यांनी विचारलं, "चोराला वाचता येत असेल ना रे?" मी म्हटलं, हल्ली सगळे शिकलेले असतात.

पुढच्या आठवड्यात बाबांच्या दुकानावर गर्दी झाली. मोफत किल्ली मिळते हे कळल्यावर लोक आपापली कुलपं घेऊन यायला लागले. एकजण सुटकेस घेऊन आला, एका म्हातारीला देव्हाऱ्याची किल्ली हवी होती. बाबा प्रत्येकाला बारकाईनं न्याहाळायचे, हा तर तो नसेल, आणि संशय नको म्हणून सगळ्यांना किल्ली करून द्यायचे. सुटकेसवाल्याला त्यांनी हळूच सांगितलं, "तुम्ही असाल तर मनात काही ठेवू नका, घेऊन जा किल्ली." तो माणूस गेला तो परत आला नाही. किल्लीही नेली नाही, सुटकेसही राहिली.

मग हवालदार आले, हातात आमचाच कागद घेऊन.

"काका, हे आमच्या खात्याला शोभत नाही."

"तुमच्या खात्याचं नाव कुठं आहे त्यात?"

"चोराला तुम्ही आपण म्हणताय."

"आपण कुठं म्हटलंय? नुसतं फोडू नये लिहिलंय."

हवालदारांनी पुन्हा वाचलं. बराच वेळ वाचलं. मग विचारलं, "एवढं काय होतं त्या पेटीत?"

बाबांनी सांगितलं. हवालदारांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "आमच्या चौकीबाहेरही एक लावा. तिथं त्यांची ये-जा जास्त असते."

त्या दिवशी घरी येऊन मी हे आईला रंगवून सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. आई शिवणकाम करते. संध्याकाळी बाबा पेटीतून दादाचा मोबाइल काढून आतल्या खोलीत त्याचं एखादं रेकॉर्डिंग लावायचे तेव्हा बाहेर तिचं मशीन सुरू असायचं, नेहमीच. मी ते कामाचं धरून चाललो होतो.

"मी एकही ऐकलेलं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"एकही नाही. तुझे बाबा लावायचे, मी मशीन चालवायचे. कापड नसलं तरी चालवायचे. म्हटलं, आज नको. आज सोसणार नाही. आहे की पेटीत, जातंय कुठं." ती दोऱ्याचं टोक शोधत होती. "आता जरा धीर आला होता. या महिन्यात ऐकायचं ठरवलं होतं मी."

 आमच्या दुकानात रोज कोणीतरी रडकुंडीला येतं आणि मी सरावल्यासारखं म्हणतो, प्रयत्न करून बघतो. आईला ते वाक्य माहीत होतं. त्याचा अर्थ, काही हाती लागणार नाही, हाही मीच तिला एकदा हसतहसत सांगितला होता.

पेटी आली ती एका भंगारवाल्याबरोबर. कागद त्याच्या दुकानासमोरच चिकटवला होता आम्ही. त्यानं ती बाबांच्या काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "किल्ली नको, कुलूपकाका. उघडलेलीच आली माझ्याकडे."

कुलूप होतं तसं बंद होतं. त्याच्यावर ओरखडे होते, एका बाजूला घणाचे घाव होते, पण बंद. शेवटी कोणीतरी वैतागून पेटीच मागच्या बाजूनं ग्राइंडरनं कापली होती. मोबाइल आणि पेन ड्राइव्ह नव्हते. हार्ड डिस्क होती. कापणाऱ्याचं पातं तिच्यातूनच गेलं होतं.

बाबांनी खिशातून किल्ली काढून कुलूप उघडलं. गरज नव्हती, पण उघडलं. लोण्यासारखी फिरली किल्ली.

"चांगलं झालं होतं हे," ते म्हणाले. बढाई नव्हती त्यात. दुसऱ्या कोणाच्या कामाबद्दल बोलावं तसं म्हणाले. भंगारवाल्यानं मान हलवली.

मी डिस्क माझ्या कामाच्या दुकानात नेली. उघडायच्या आधीच मला माहीत होतं, तरी नेली, उघडली, भिंगाखाली धरली. आरशासारखी तबकडी असते आत. तिच्यात पात्याचा खोल चर पडला होता आणि लोखंडाचा भुसा सगळीकडे. मालकांना दाखवली. ते फटकळ आहेत, गिऱ्हाइकाला सरळ भंगारात टाका म्हणतात. त्यांनी ती परत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आज घरी जा लवकर."

घरी दोघंही बसले होते. मी चपला काढल्या, हात धुतले, पाणी प्यायलो. पाणी संपल्यावर करायला काही उरलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

आईनं मान डोलावली. बाबा भिंतीकडे बघत बसले. रिकाम्या फळ्यांवर कुलपांच्या आकाराचे धूळ नसलेले डाग होते, त्यांच्यातला मासा लगेच ओळखू येत होता.

"काय म्हणायचा तो?" आईनं विचारलं. "एखादं सांगा ना. मला तर काहीच माहीत नाही."

बाबांनी घसा खाकरला. "मोठ्या मावशीचं आहे ना. हे कुलूप मोठ्या मावशीसारखं आहे. आधी तारीफ करा, मग तोंड उघडेल."

"तारीफ नाही बाबा, कौतुक."

"तारीफच. मी रोज ऐकायचो."

"मीच कॉपी केली होती ती. कौतुक करा म्हणायचा."

"तू एकदा ऐकलंस आणि मला शिकवतोस?"

"कौतुकच होतं."

आम्ही दोघंही हट्टाला पेटलो. बाबांचा आवाज चढला, माझाही. एरवी अशा वेळी घरात कोणीतरी म्हणायचं, लावा की, आत्ता कळेल. कोणी म्हटलं नाही. मला स्वतःलाच मग खात्री वाटेना. मी तो शब्द मनात त्याच्या आवाजात म्हणून बघितला, आणि दोन्ही शब्द त्याच्याच आवाजात आले.

"बरं, तारीफ असेल," मी म्हटलं.

"नाही, कौतुकच असेल," बाबा म्हणाले. त्यांचीही तीच गत झाली असावी.

आई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. लहान मुलीला कोणी गोष्ट सांगत असावं तशी ती पुढे झुकून बसली होती.

"मला दोन्ही चालतील," ती म्हणाली. "पुढे?"

"पुढे मग किल्ली फिरवायचा," बाबा म्हणाले. "खट् व्हायचं. आणि हसायचा."

"कसा?"

बाबा तोंड उघडून तसेच थांबले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसणं कसं होतं ते आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं. काढून मात्र दोघांनाही दाखवता येईना.